अक्काचे सोमवार

मगदूम बाईंच्या दवाखान्यात मी वजनकाट्यावर उभा होतो आणि काट्यावरचा आकडा बघून बाई चष्मा पुसत होत्या. चष्म्याचा काही दोष नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी मी ब्याण्णव किलो भरलो होतो, आज चौऱ्याण्णव भरलो.

"उपास केलासा काय?" त्यांनी विचारलं.

"केलो की. तुम्ही आठवड्याला दोन सांगितलासा, मी तीन केलो. मधी संकष्टी आली, तीपण सोडलो नाही."

"पूर्ण दिवस?"

"पूर्ण दिवस. अन्नाचा कण पोटात नाही."

बाईंनी मला खाली उतरवलं, काटा शून्यावर आहे का बघितलं आणि परत चढवलं. परत चौऱ्याण्णव. त्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि मलाही बसा म्हणाल्या. त्या काट्यावर मी माझ्यासाठी उभा नव्हतो.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होतो आणि जयसिंगपुरात यशवंत गुरव आचारी म्हटलं की लोक लग्नाची तारीख नंतर धरायचे, आधी मी मोकळा आहे का विचारायचे. आचाऱ्याचं पोट म्हणजे त्याच्या धंद्याची पाटी. बारीक आचाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? माझी पाटी लांबून दिसायची आणि मला तिचा अभिमान होता.

माझी थोरली बहीण मालनअक्का कुरुंदवाडला दिलेली. आमच्यात सहा वर्षांचं अंतर. जिनं उभ्या आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, त्या बाईचं लिव्हर निकामी झालं. डोळे हळदीसारखे पिवळे, पायावर सूज, पोटात पाणी. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता एकच वाट आहे, घरातल्या कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा. दाजींचा रक्तगट जुळेना. भाची कविता ओली बाळंतीण. राहिलो मी, आणि माझा रक्तगट चोख जुळला. दाजी गावभर सांगत सुटले की मेव्हणा काळजाचा तुकडा देतोय, आणि मीही कॉलर ताठ करून हिंडत होतो.

मग माझी तपासणी झाली. पुण्याचे ते तरुण सर्जन कागद बघून म्हणाले, तुमच्या लिव्हरमध्ये फार चरबी आहे. असला तुकडा बहिणीला बसवून उपयोग नाही, आणि तुमच्याही जिवाला धोका. सात-आठ किलो उतरा, मग बघू. मी विचारलं, वेळ किती आहे? ते म्हणाले, तुमच्याकडे भरपूर आहे, त्यांच्याकडे दोन महिने धरा.

गावात आलो तर सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी कारल्याचा रस सांगितला, कुणी 'शरीर आतून धुवून काढणारी' पुडी आणून दिली. बायको सुनंदानं ती पुडी परसात फेकली आणि मला मगदूम बाईंकडे नेलं. बाई सत्तरीच्या, गावाबाहेर त्यांचं निसर्गोपचाराचं लहानसं केंद्र होतं. त्यांनी पुण्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतलं आणि मला समजावलं. "शरीर धुवायला बाहेरनं काही लागत नाही. धुण्याचं काम लिव्हरच करतंय. तुम्ही त्याच्या डोक्यावर रोज नवं गाठोडं ठेवताय, तेवढं ठेवायचं बंद करा. आठवड्याला दोन उपास, बाकीचे दिवस मोजून खायचं. तुम्हाला उपास काय शिकवायला नको."

ते तर खरंच होतं. उपासातलं मला कोण शिकवणार? एकादशीला अर्धं गाव माझ्याकडचा फराळ न्यायचं.

"काय काय खाल्लासा उपासाला?" बाईंनी आता विचारलं.

मी सांगितलं. सकाळी साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचं कूट सढळ, तूपही सढळ, नाहीतर ती घशाला चिकटते. दुपारी वरईचा भात आणि दाण्याची आमटी. चार वाजता राजगिऱ्याचे लाडू आणि केळ्याचं शिकरण. संध्याकाळी बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, कधी साबुदाणा वडे. आचारी माणूस, सांगता सांगता मी वडे फुटू नयेत म्हणून काय करायचं तेही सांगून गेलो.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्या स्वतःवरच चिडल्यासारख्या दिसत होत्या.

"चुकी माझी हाय," त्या म्हणाल्या. "मी जैनाची. आमच्यात उपास म्हणजे उकळून गार केलेलं पाणी. तेपण दिवस मावळायच्या आत."

"आणि?"

"आणि काय? पाणीच."

चाळीस वर्षं शेजारी जैनांची घरं, त्यांच्या लग्नाचे स्वयंपाक मी दिवस मावळायच्या आत उरकून दिलेले, आणि त्यांचा उपास आणि आपला उपास एकच असं मी कसं धरून चाललो होतो कोण जाणे. एकादशी दुप्पट खाशी हे मी लोकांना हसत हसत म्हणायचो. इथं माझ्या एकादशीनं अक्काचे तीन आठवडे खाल्ले होते.

बाईंनी नवा कागद घेतला. आठवड्यातले कोणतेही दोन दिवस. फक्त पाणी, आणि मी चुलीपाशी काम करतो म्हणून दुपारी एक वाटी मुगाचं कढण. चक्कर आली तर उपास तिथंच सोडायचा. दर आठवड्याला येऊन रक्तदाब दाखवायचा. एरवी एक भाकरी, भाजी, ताक. तळणाचं नाव काढायचं नाही. आणि त्यांनी बजावून सांगितलं की हे तुमच्यासाठी आहे, अक्काला यातलं काही लागू नाही. त्या आजारात माणसानं उपाशी राहायचंच नाही, दर तीन तासांनी काहीतरी पोटात गेलं पाहिजे, नाहीतर शरीर स्वतःचं मांस खातं.

पहिला खरा उपास मी गुरुवारी धरला. त्या दिवशी एका बारशाचा स्वयंपाक होता. अकरापर्यंत मी मोठ्या तोऱ्यात होतो. बाराला कपाळ ठणकायला लागलं. एक वाजता शिरा झाला. चव बघायला म्हणून चमचाभर तोंडात घातला, कारण चव न बघता पातेलं मांडवात पाठवणं मी जन्मात केलं नव्हतं. चमच्यानंतर वाटी झाली, वाटीनंतर दुसरी झाली. हात धुताना मला स्वतःची किळस आली. बहीण मरणाच्या दारात आणि आपल्याला एक दिवस तोंड आवरत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. सुनंदाला मी खोटं सांगितलं की दिवस निभावला. तिनं माझ्या शर्टावरचं तूप बघितलं आणि शर्ट धुवायला मागून घेतला.

सोमवारी सकाळी दाजींचा फोन आला. अक्का न्हाणीच्या दारात पडली होती. मी मोटारसायकल काढून कुरुंदवाड गाठलं. लागलं फारसं नव्हतं, पण ती भिंतीला टेकून बसली होती आणि हात थरथरत होते. दाजी म्हणाले, काल रात्रीपासून पोटात काही नाही. आज सोमवार.

अक्काचे सोमवार म्हणजे आमच्या घरात सूर्य उगवण्याइतकी ठरलेली गोष्ट. ती अकरा वर्षांची असल्यापासून करत होती, आणि तिचा सोमवार माझ्यासारखा नव्हता. सकाळी महादेवाला पाणी घालायचं, दिवसभर पाण्यावर राहायचं, दुसऱ्या दिवशी अंघोळ झाल्यावर सोडायचा. मुली चांगला नवरा मिळावा म्हणून सोमवार धरतात, तसे तिनेही धरले असणार असं आम्ही समजून चाललो होतो. दाजी चेष्टेनं म्हणायचे की लग्नानंतरही सोडेना, म्हणजे अजून शोधातच दिसतेय.

मी तिला मगदूम बाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. तिनं ऐकलं आणि मान हलवली.

"बाकी सगळे दिवस खाते की मी," ती म्हणाली. "सोमवार तेवढा सोडणार नाही."

दाजींनी हात जोडले, कविता लेकरू घेऊन रडायला बसली. अक्का ढिम्म हलली नाही. मला राग आला. मी म्हणालो, माझ्या पोटावर सुरी फिरवायला मी तयार झालोय आणि तुला एक वाटी भात गिळवत नाही? हे बोलायला नको होतं. ती माझ्या पोटाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत भीती होती. मला वाटलं ती स्वतःच्या मरणाला भ्याली आहे.

आम्ही गुरव. पिढ्यान् पिढ्या महादेवाचं देऊळ सांभाळणारे. व्रत झेपेनासं झालं तर ते रक्ताच्या माणसानं उचलायचं, म्हणजे मोडत नाही, ही आमच्या घरची रीत. आजीचा शनिवार असाच माझ्या काकांनी चालवला होता. हे मला त्या न्हाणीच्या दारात, रागाच्या भरातच आठवलं.

"तुझे सोमवार माझ्याकडं दे," मी म्हणालो.

दाजींनी मान वर केली. अक्का घाईनं म्हणाली, "तुला घेता येणार नाहीत."

"का? पुरुषांना चालत नाही काय? काकांनी चालवलं होतं."

"तसं नाही."

"मग कसं?"

ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "पाण्यावर राहशील? साबुदाणा नाही चालायचा."

माझी साबुदाण्याची कथा तोपर्यंत कुरुंदवाडपर्यंत पोचली होती. मी म्हणालो, राहीन.

मी तांब्या, ताम्हण आणि बेलाचं पान घेऊन आलो. संकल्प सोडताना हातावर पाणी घेऊन व्रत कशासाठी ते बोलायचं असतं. मी विचारलं, हेतू काय सांगू? अक्का म्हणाली, "हेतू माझ्या मनात राहू दे. तू म्हण, अक्काचा हेतू तो माझा हेतू. देवाला कळतंय." मी तसं म्हणून पाणी सोडलं. मग कविता पेजेची वाटी घेऊन आली आणि अडतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या बहिणीनं सोमवारी तोंडात घास घेतला. घास गिळताना ती रडत होती. मला वाटलं मोडलेल्या नेमाचं दुःख असेल.

त्या क्षणापासून माझा उपास सुरू झाला. सकाळी घरून चहासुद्धा न घेता निघालो होतो, ते बरंच झालं. दुपारी डोकं दुखलं, हातपाय गळाले, पण तोंडाकडे हात गेला नाही. माझा उपास मी मोडू शकत होतो, मोडलाही होता. अक्काचा मोडायची माझी छाती झाली नाही.

धंद्यात मात्र पंचाईत झाली. चव कोण बघणार? सुनंदा उभी राहिली. गुरुवारचं आणि सोमवारचं काम असलं की ती माझ्याबरोबर मांडवात यायची, चमचा तोंडात घालायची आणि डोळे मिटून निकाल द्यायची. वीस वर्षांच्या संसारात माझ्या आमटीला तिनं कधी नाव ठेवलं नव्हतं. आता एकेक बाहेर यायला लागलं. गूळ जास्त घालता. फोडणी जाळता. मसालेभाताला तेल किती ओतता ते मोजून बघा एकदा. मी रागावायचो आणि तिचं ऐकायचो, आणि लोक म्हणायला लागले की आचारी, हल्ली हात जास्तच चांगला झालाय.

पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले. बाई म्हणाल्या, त्यातलं निम्मं पाणी हाय, फुशारकी नको. दुसऱ्या आठवड्यात काटा हललाच नाही आणि मी दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसलो. बाई बाहेर येऊन माझ्याशेजारी पायरीवरच टेकल्या. त्या म्हणाल्या की शरीर इतक्या वर्षांचा साठा सुखासुखी सोडत नाही, त्यालाही पटावं लागतं की आता नवं गाठोडं येणार नाही. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र वजन उतरायला लागलं. सकाळी पायऱ्या चढताना धाप लागेना. जीभ इतकी तल्लख झाली की साध्या काकडीची चव कळायला लागली. त्रेचाळीस वर्षं मी लोकांना खाऊ घातलं आणि काकडी गोड असते हे मला त्या महिन्यात कळलं.

अक्का दर सोमवारी संध्याकाळी फोन करायची. तब्येत विचारायची नाही. "राहिलास?" एवढंच विचारायची. मी राहिलो म्हणालो की ती म्हणायची, मी पण जेवले, आणि फोन ठेवायची.

सहाव्या आठवड्यात पुण्याला गेलो. काटा साडेपंच्याऐंशी दाखवत होता, पण खरं बघायचं होतं ते आत. सर्जननी नवे कागद जुन्या कागदांशेजारी ठेवले आणि इतक्या वेळा उलटून पालटून बघितले की सुनंदानं माझा हात धरला. मग त्यांनी विचारलं, हे कसं केलंत? मी म्हणालो, बहिणीचे उपास केले. त्यांना वाटलं मी बहिणीसाठी उपास केले असं म्हणतोय. ते म्हणाले, आता लिव्हर देण्याजोगं आहे, गुरुवारी दोघांनी दाखल व्हा आणि शुक्रवारी करून टाकू.

ऑपरेशनचं मी काय सांगणार? मला भूल दिली आणि जाग आली तेव्हा दाजी काचेपलीकडून दोन्ही हात वर करून उभे होते. अक्काला बारा तास लागले. माझा तुकडा तिच्या पोटात लागला, कामाला लागला. पहिला सोमवार मी सलाइनवरच होतो, त्यामुळे नेम आपोआप निभावला. त्या आठवड्याच्या शेवटी मला सोडलं. आम्ही दवाखान्याजवळच एक खोली घेऊन राहिलो होतो आणि दुसऱ्या सोमवारी दुपारी, अक्काला साध्या खोलीत आणल्यावर, मी तोंडाला मास्क लावून तिला बघायला गेलो.

ती उशीला टेकून बसली होती. डोळे पांढरे झाले होते. मी किती वर्षांनी ते तसे बघत होतो. माझ्यामागून सुनंदा आत आली आणि तिनं तक्रार मांडली.

"अक्का, तुम्हीच सांगा. डॉक्टर म्हणतात, आता ताकद भरायची हाय, चार वेळा खायला घाला. हे सकाळपासून पाण्यावर. डबा तसाच घेऊन हिंडतेय मी."

"सोमवार हाय," मी म्हणालो. "शब्द दिलाय."

अक्कानं माझ्याकडं बघितलं. "काय शब्द दिलायस?"

"अक्काचा हेतू तो माझा हेतू."

मग तिनं मला जवळच्या खुर्चीत बसायला सांगितलं.

"तू पाच वर्षांचा होतास," ती म्हणाली. "ताप उतरेना. नवव्या दिवशी डॉक्टरनं हात टेकले, घरी न्या म्हणाला. आई भिंतीकडं तोंड करून बसली. तुझी शुद्ध गेलेली. मी देवळात गेले. मला मंत्र येत नव्हता, काही येत नव्हतं. मी महादेवाला म्हणलं, ह्याला ठेव. मी जिवंत आहे तोवर सोमवारी जेवणार नाही."

सुनंदाच्या हातातला डबा तसाच राहिला.

"कुणाला बोलले नाही. बोललं की फळ जातं म्हणतात. आणि मग तू म्हणालास, माझ्यासाठी पोट कापून घेतो. मी सोमवार कसा सोडणार होते, येशा? सोडला आणि ऑपरेशनच्या टेबलावर तुला काय झालं असतं तर?"

न्हाणीच्या दारातली तिची नजर मला तेव्हा कळली. ती माझ्या पोटाकडं का बघत होती तेही कळलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "म्हणजे इतके सोमवार मी माझ्याच जिवासाठी उपास करत होतो?"

"व्हय," अक्का म्हणाली, आणि हसली. हसताना टाके ओढले म्हणून तिनं पोटावर हात धरला. माझेही ओढले, मीही धरला.

मग तिनं सुनंदाकडून डबा मागून घेतला. मऊ भात होता, वर मुगाचं वरण. तिनं चमचा भरला.

"त्यानं तुला एकदा ठेवलं, आता परत ठेवलं. देवाला किती दिवस वेठीला धरायचं? ज्याच्यासाठी धरला तो माझ्यासमोर बसलाय. उद्यापन झालं. तोंड उघड."

मी दारात नर्सबाई नाही ना ते बघून मास्क खाली केला आणि तोंड उघडलं. भातात मीठ नव्हतं, तूप नव्हतं, वरणाला फोडणी नव्हती. आचारी म्हणून सांगतो, तसला भात मी शत्रूच्या पंगतीत वाढला नसता. अक्का एकेक चमचा भरत होती, मी खात होतो, आणि डबा रिकामा झाल्यावर मी तिला विचारलं, अजून हाय काय?